वैजूचं गाऱ्हाणं

पाकळी पडत नव्हती.

सकाळी देवाला आंघोळ घालून मी रवळनाथाच्या पाषाणावर तगरीच्या दोन ओल्या पाकळ्या लावल्या होत्या, एक उजव्या खांद्यावर, एक डाव्या. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. गावात सोयरीक असो, विहीर असो, नवी होडी पाण्यात घालायची असो, असा कौल लावल्याशिवाय कुणी पुढे जात नसे. आणि कौल लावायचं काम आमच्या घराण्याकडे, कारण आम्ही गुरव. ऊन सभामंडपाच्या पायरीवरून आत आलं, खांबापर्यंत पोचलं, तरी दोन्ही पाकळ्या आपापल्या जागी चिकटून होत्या.

समोर वासू कुबल हात जोडून उभा होता. वासू खाडीवर तर चालवायचा. तर म्हणजे माणसांना अल्याड-पल्याड नेणारी होडी. भरतीच्या पाण्यात निवांत विडी ओढत वल्हं मारणारा हा माणूस, पण त्या दिवशी सकाळपासून त्याने विडी पेटवली नव्हती. लग्नात घालायचा पांढरा सदरा त्याने घातला होता.

"बाबी, हलली काय रे?" मागून दादू गावकराने विचारलं. दादू देवळाचा मानकरी. तो हजर नसेल तर कौल लागत नसे, आणि हजर असेल तर त्याचं तोंड बंद राहत नसे.

"नाय."

"तुझो हातच ओलो. खळ लावल्यासारखी चिकटवलंस."

"मगे तू लाव."

"माका तो मान नाय म्हणान गप आसंय. नायतर दाखवलं असतंय कशी लावतत ती."

दोघं-तिघं हसले. वासूच्या कानापर्यंत ते पोचलंच नाही. त्याची नजर पाषाणावरून हलत नव्हती.

त्याची मुलगी वैजयंती, म्हणजे वैजू, सतरा वर्षांची. उजव्या पायाच्या घोट्यावर तिला गाठ आली होती. गोव्याच्या मोठ्या इस्पितळात नेलं, तेव्हा हाडाचा कर्करोग निघाला. पावसाळाभर तिला सलाईनमधून कडक औषधं दिली. केस गेले, अंग गेलं, गाठ मात्र राहिली. आता डॉक्टरीणबाई सांगत होत्या की गुडघ्याखाली पाय कापला तर मुलगी जगायची आशा आहे. थांबलात तर रोग छातीत जाईल. सोमवारी दाखल व्हायचं होतं. वैजू अठराची नव्हती, म्हणून सही वासूने करायची. आणि त्याच वेळी कुणीतरी वासूच्या कानावर घातलं होतं की घाटावर एक वैद्य आहे. पाल्याचा लेप लावतो, पाय जसाच्या तसा राहतो.

म्हणून मी देवाला गाऱ्हाणं घातलं होतं. "बा देवा रवळनाथा म्हाराजा, वासू कुबल आज तुझ्या पायाकडे इलो आसा. तेच्या चेडवाचो पाय डॉक्टर कापूक सांगतत, वैद्य राखूक सांगता. कापूचो आसात तर उजवी दी, नसात तर डावी दी आणि लेकराक वाट दाखव म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मंडळींनी साथ दिली होती. ती साथ मिळाल्याशिवाय गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही, अशी आमच्याकडची रीत.

नैवेद्याची वेळ झाली. देवाला भुकेला ठेवून कौल लावत नाहीत. मी दोन्ही पाकळ्या हाताने काढल्या.

"गाऱ्हाण्यात कायतरी रवला," दादू म्हणाला. "देव बोलत नाय म्हणजे कायतरी रवला. उद्या परत."

मंडळी पांगली. वासू पायरीवर बसून राहिला. मी त्याच्याशेजारी बसलो.

"बाबी, तू काय केलं असतंस?"

"माझा चेडू नाय ता."

"असला तर?"

मी काढलेल्या पाकळ्या उपरण्याच्या टोकाला बांधल्या. तोच म्हणाला, "लहान असताना हिचे पाय वाकडे होते. आठवता? बाळंतिणीक बघूक येणारी बाय म्हणाली, रोज तेल लाव, सरळ होतले. आवस दमान जाय, म्हणान मी लावी. होडी लावन येय आणि आधी तिचे पाय धरी. माझ्या हातानी सरळ केलेले पाय ते. आता त्याच हातान सही करू?"

खाडीवरून कुणीतरी हाक मारली, तर कुठे गेली म्हणून. वासू उठला आणि पायऱ्या उतरून गेला. मला तेव्हा कळलं की हा माणूस देवाला काही विचारायला आलेलाच नव्हता. पाय कापण्याचं पाप आपल्या माथी येऊ नये, ते देवाने घ्यावं, एवढंच त्याला हवं होतं.

संध्याकाळी प्रसादाचा नारळ घेऊन मी कुबलांच्या घरी गेलो. मागच्या पडवीत वैजू पाटावर उजवा पाय लांब करून बसली होती आणि विळीवर मुळे फोडत होती. आमच्या खाडीत शिंपल्यांतले हे जीव खूप मिळतात. डोक्याला आईच्या लुगड्याचं फडकं बांधलेलं. पोटरीखाली पाय सुजून चकाकत होता.

"काय सांगितल्यान देवान?" तिने वर न बघताच विचारलं.

"तुका कोणी सांगितला मी देवाक विचारूक गेलेलंय ता?"

"आये सकाळपासून देवळाकडे तोंड करून रडता. बाबा लग्नातलो सदरो घालून बाहेर पडले. आणि तुमी नारळ घेवन मागच्या दारान येतात." शिंपली तिने टोपलीत टाकली. "काका, रोग माझ्या पायाक झालो आसा. डोक्याक कायएक झाला नाय."

मला हसू आलं. तीही हसली. मग मी सांगितलं, पाकळी पडली नाही, आणि दादू म्हणतो, गाऱ्हाण्यात काहीतरी राहून गेलं.

"बरा झाला."

"असा बोलू नये गो."

"उजवी पडली असती तर बाबा जन्मभर म्हणाले असते, देवान माझ्या चेडवाचो पाय घेतलो. डावी पडली असती तर माका घाटार नेली असती." तिने विळी आडवी केली. "घाटार जावन माका मरूचा नाय."

असं एकदम म्हणाली. आवाजही चढवला नाही.

"डॉक्टरणीन तुका काय सांगितल्यान?"

"सगळा. बाबा माकाच बाहेर जा म्हणाले असते, म्हणान तिना बाबांकाच आधी बाहेर पाठवल्यान. स्टूल ओढून बसली. मी एकेक विचारलंय. पाय कापल्यावर दुखतला काय. म्हणाली, दुखतला. कधीकधी नसलेलो पाय पण दुखतलो. खाडयेत पवूक येतला काय. येतला. आणि मगे…" ती थांबली. "मगे विचारलंय, कापलेलो पाय खंय टाकतत."

"बापरे."

"हसली नाय हां ती. म्हणाली, तुका होयो तर आमी तुझ्या माणसांकडे देतो, तुमच्या रीतीन करा. मगे माका रडू इला. ता पण तिना येव दिल्यान."

आतून वैजूची आई शेवंती दारात येऊन उभी राहिली होती. पदर तोंडावर. "पोरीच्या जातीक असा सगळा सांगूचा काय? बाबी, तूच सांग. आमी इतक्या लपवला, आणि ती बाय एका दिवसात सगळा सांगून मोकळी."

"आये, लपवल्यात खंय?" वैजू म्हणाली. "माझ्या बाजूच्या खाटीर कारवारचा एक चेडू होता. तिका सगळे सांगीत, बरी होतलंस, बरी होतलंस. तिचो बापूस तर रोज हसत येय. ती सोडून सगळ्या वॉर्डाक म्हायत होता. शेवटाक ती माका विचारूक लागली, वैजू, मी खरीच बरी होतंय मां? मी काय सांगू तिका? बापाशीन जा सांगूचा ता माझ्यार पडला."

शेवंती आत गेली. भांडी उगाच वाजली.

"काका, आज गाऱ्हाणा कोणाच्या नावान घातलात?"

"वाशाच्या."

"माझा नाव?"

मी आठवून पाहिलं. 'तेच्या चेडवाचो पाय' असं म्हटलं होतं. नाव घेतलं नव्हतं.

"दादूआजो बरोबर बोललो मगे," ती म्हणाली. "कायतरी रवला होता. उद्या मी येतंय. माझा गाऱ्हाणा मी घालतंय."

"चेडवा गाऱ्हाणा घालीत नाय गो."

"नको म्हणान कोणी सांगितल्यान?"

माझ्या बापाने मला गाऱ्हाणं शिकवलं, त्याला त्याच्या बापाने. अक्षरओळख आमच्यात कुणाला नव्हती, माझीही पुढे साठी उलटल्यावर झाली. जे होतं ते सगळं पाठ. त्या सगळ्या पाठात बायांनी गाऱ्हाणं घालू नये असं एकही वाक्य मला सापडेना. कुणी घातलं नव्हतं, एवढंच.

"तुका भीती वाटत नाय?" मी विचारलं.

"वाटता." तिने फडक्याची गाठ उगाच सोडून परत बांधली. "पण काका, माका म्हातारी होवचा आसा. दात पडलेली, काठी टेकीत चलणारी, सगळ्यांका गाळी देणारी. एका पायान झालंय तरी चलात."

दुसऱ्या दिवशी वासू तिला पाठीवर घेऊन देवळाच्या पायऱ्या चढला. देवाला नमस्कार करायला येते, एवढंच त्याला ठाऊक होतं. मागे शेवंती. वैजूने त्याच्या गळ्याभोवती हात टाकले होते आणि त्याच्या कानात काहीतरी सांगून ती त्याला हसवायचा प्रयत्न करत होती.

वासूने तिला खांबाजवळ उतरवलं. मी पाकळ्या लावल्या. हात पुसले. मंडळी उभी राहिली. मग मी देवासमोरून बाजूला झालो.

"आजचा गाऱ्हाणा वैजू घालतली."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग दादूला कळलं.

"बाबी, डोक्या फिरला काय तुझा? बायलमाणूस गाऱ्हाणा घालता? कधी बगलंस?"

"बगलंय नाय."

"मगे?"

"घालू नये म्हणान तुका कोणी सांगितलेला आठवता? तुझ्या बापाशीन, आज्यान? रीत तुका माझ्यापेक्षा जास्ती म्हायत."

हे खरंच होतं. गावात रीतीचा एखादा बारीक धागा अडला की लोक दादूकडे जात. त्याने आढ्याकडे बघत मागच्या पिढ्या बोटांवर मोजल्या.

"आठवत नाय," त्याने शेवटी कबूल केलं. "पण ती अजून लहान आसा. अठराची पण नाय."

"दादूआजा," वैजू म्हणाली, "देव वय विचारता काय?"

"आवाज बगा हिचो! औषधांनी केस गेले, जीभ तेवढी शाबूत." पण तो मागे सरला आणि जागा करून दिली.

वासू माझ्याकडे बघत होता, मग तिच्याकडे. "वैजू, ह्या काय?" खांबाचा आधार सोडून ती देवासमोर दोन्ही पायांवर उभी राहिली आणि हात जोडले.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा, मी वैजयंती वासुदेव कुबल."

आणि थांबली. साथीसाठी थांबायचं असतं हे तिला ठाऊक होतं.

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग सवयीने, जन्मभराच्या सवयीने, दादूच्या तोंडून निघालं, "व्हय म्हाराजा."

"माझ्या उजव्या पायात रोग आसा."

"व्हय म्हाराजा." आता दोघं-चौघं.

"ह्यो पाय माका आवाडता. ह्या पायान मी बाबांच्या होडयेतसून उडये मारलंय, फुगडये घातलंय, शाळेक गेलंय. बाबांनी तेल लावन तो सरळ केल्यानी."

"व्हय म्हाराजा." दादूचा आवाज खाली आला होता.

"पण तो ठेवलंय तर तो माका घेवन जातलो."

साथ आली नाही. शेवंतीने खांबाला डोकं टेकलं.

"म्हणान तो देवचो असा मी ठरवलंय. माझा मी ठरवलंय, डॉक्टरणीन नाय, बाबांनी नाय. सोमवारी जातंय. बाबा सही करतले. सही केली म्हणान पाय बाबांनी कापलो असा होणा नाय. ह्या तुका सगळ्यांच्या देखत सांगतंय म्हाराजा."

आणि ती परत थांबली.

दादूने तोंड उघडलं आणि मिटलं. ही साथ त्याने द्यायची नव्हती, हे त्यालाही कळलं. सगळे वासूकडे बघत होते. वासूचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. वैजूचा उजवा पाय थरथरायला लागला होता. तिला फार वेळ उभं राहवत नसे. तरी ती खांबाकडे सरकली नाही.

"बाबा," ती मागे न बघता हळूच म्हणाली, "कोणीतरी व्हय म्हणूक होया. नायतर माझा गाऱ्हाणा पोचाचा नाय."

वासूने डोळे मिटले. "व्हय," तो म्हणाला. आवाज फाटला. "व्हय म्हाराजा."

आणि त्याच वेळी पाषाणावरून पाकळी सुटली.

डावी.

ती खाली पडताना सगळ्यांनी पाहिली. शेवंतीच्या घशातून काहीतरी निघालं. "डावी," कुणीतरी मागे पुटपुटलं. वासूचा चेहरा पार उतरला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन ते तो ऐकणार होता, त्याचं सगळं आयुष्य असंच गेलं होतं. मी म्हटलं असतं नकार, तर तो तिथूनच घाटाची वाट धरणार होता.

मी खाली वाकून पाकळी उचलली, कपाळाला लावली.

"दादू," मी विचारलं, "चेडवान देवाक काय विचारल्यान?"

"काय म्हणजे? विचारल्यान की…" दादू अडखळला. त्याने मान वाकडी केली, मनातल्या मनात तिचं गाऱ्हाणं पहिल्यापासून म्हणून पाहिलं. त्याचे ओठ हलताना दिसत होते. "नाव सांगितल्यान. रोग सांगितल्यान. पाय देतंय म्हणान सांगितल्यान…" मग तो थबकला. "विचारूक कायच नाय विचारल्यान."

"उजवी दी, डावी दी, म्हणाली?"

"नाय म्हणाली."

"मगे हो कौल कसलो?"

दादूने वासूकडे पाहिलं, मग वैजूकडे. त्याने घसा खाकरला आणि मानकऱ्याचा आवाज काढला, जो तो फक्त जत्रेला काढत असे. "प्रश्न नाय, तर कौल नाय. ही रीत. पाकळी सुकली म्हणान पडली. ऐकलंस रे वाशा? सुकली, पडली."

"बाबी, खरा?" वासूने मला विचारलं.

"खरा."

मी खोटं बोललो नव्हतो. तरी वैजू माझ्याजवळ आली आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "काका, आणि उजवी पडली असती तर?"

"तरी ह्याच सांगितलं असतंय."

तिने माझ्या तोंडाकडे नीट बघून घेतलं. मग मान हलवली.

सभामंडपाबाहेर ऊन पडलं होतं. वासू पायरीच्या टोकाला जाऊन तिच्याकडे पाठ करून खाली बसला, तिला पाठीवर घ्यायला.

"नको, बाबा. चलान येतंय."

"दुखात गो."

"दुखू दे. सोमवारपर्यंत माझो आसा तो."

त्या पायऱ्या ती पुढेही पुष्कळ वेळा चढली-उतरली, आधी कुबडी घेऊन, मग रबराचा पाय लावून, एकदा कडेवर मूल घेऊन. आता तिचे केस पांढरे व्हायला लागलेत आणि जत्रेच्या दिवशी ती सगळ्यांवर खेकसते. पण माझ्या डोळ्यांसमोर राहिलं आहे ते त्या दिवशीचं उतरणं.

तिने अनवाणी डावा पाय पहिल्या पायरीवर ठेवला. मग सुजलेला उजवा, हळूच, चिऱ्याचा दगड किती तापलाय हे जणू त्याला विचारून. ओठ दातांखाली दाबला आणि परत डावा. वासूला तिच्या मागे राहवेना. तो तिच्या पुढे झाला, वळला, आणि तिच्याकडे तोंड करून उलटा उतरायला लागला, दोन्ही हात पसरून, तिला न शिवता. पोर पहिल्यांदा चालायला लागते तेव्हा बाप चालतो तसा.

"वाशा, मेल्या, फुडे बग!" वरून दादू ओरडला. "पायरी चुकात, पडशीत!"

वासू पुढे बघत नव्हता. तो तिच्या पावलांकडे बघत होता, दोन्ही पावलांकडे, आणि एकेक पायरी पायाने चाचपत खाली जात होता.